पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी ऋतूंप्रमाणे हस्तकला: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

शाळा जूनमध्ये उघडते तेव्हा बाहेर चिखल असतो आणि एप्रिलमध्ये बंद होते तेव्हा अंगणभर वाळलेली पानं. या दोन टोकांच्या मधे मुलांच्या हातांना काय काय काम देता येतं, याबद्दल पालक आणि प्राथमिकचे शिक्षक जे विचारतात, त्यांतले नेहमीचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे दिली आहेत.

बाजारात तयार किट मिळतात. मग ऋतूनुसार हस्तकला करायची कशाला?

बऱ्याच किटमध्ये तुकडे आधीच कापलेले असतात, रंग ठरलेले असतात आणि खोक्यावर शेवटचं चित्रही छापलेलं असतं. मुलाला फक्त चिकटवायचं उरतं. पाच मिनिटांत काम संपतं आणि वर्गात तीस एकसारखी फुलपाखरं तयार होतात. त्याऐवजी मुलाच्या हातात श्रावणातला तेरडा, ऑक्टोबरातलं वाळकं गवत किंवा फाल्गुनात गळलेलं पळसाचं फूल दिलं, की त्याला स्वतः ठरवावं लागतं: हे वाकतं का, चिकटतं का, याचा रंग उतरतो का. माझ्या मते हस्तकलेच्या तासाचं खरं काम हे ठरवणंच आहे. शिवाय साहित्य फुकट मिळतं, आणि ज्या शाळेत रंगांची एक पेटी पाच जणांत फिरते तिथे याला फार महत्त्व आहे.

जून-जुलैमध्ये काहीच वाळत नाही. चित्रं ओली राहतात, माती भुरभुरते. मग काय करावं?

ज्याला वाळवावं लागत नाही तेच करावं. पावसाळ्याचे पहिले दोन महिने घडीकामाचे आहेत. होडी सगळ्यांना येते. तिच्यानंतर टुणकन उडी मारणारा बेडूक घ्या, मग कागदाचा पंखा आणि पंख्याच्या घड्यांमधूनच छत्री. वर्तमानपत्राच्या कागदावर सराव करून घ्या, रंगीत कागद नंतर. पावसात कागद सर्दावतो आणि घडी बसत नाही. म्हणून कागदाचा गठ्ठा पत्र्याच्या डब्यात झाकून ठेवा.

ठसेकामही याच दिवसांत चांगलं होतं, कारण रंगाचा थर पातळ असतो. भेंडी जून घ्या, कोवळी दाबली की चेपते. जाड भागात आडवी कापली की बहुतेक वेळा पाच पाकळ्यांचं फूल मिळतं. कापल्यावर अर्धा तास उघडी ठेवा म्हणजे चिकटपणा कमी होतो. रंग थेट भेंडीवर लावू नका. बशीत जुन्या कापडाची घडी ठेवून तिच्यावर रंग ओता आणि भेंडी त्या घडीवर टेकवायला सांगा. कारलं, कांदा, कोबीचा गड्डा यांचे ठसेही सुरेख येतात.

सागाची झाडं जवळ असतील तर त्याचं कोवळं पान मुलांना तळव्यावर चोळायला द्या. हात लाल होतो. कोकणात आणि विदर्भात हे मुलांना आधीच माहीत असतं. तोच रंग बोटांनी कागदावर उतरवता येतो हे मात्र बहुतेकांच्या लक्षात आलेलं नसतं.

आषाढी एकादशीच्या आठवड्यात दिंडी करा. लांब कागदाच्या पट्टीला एकाआड एक घड्या घाला, वरच्या घडीवर अर्धा वारकरी काढा आणि कापा. पट्टी उघडली की हात धरून चालणारी रांग तयार. एकाच्या डोक्यावर तुळस, दुसऱ्याच्या हातात पताका, तिसऱ्याच्या गळ्यात टाळ हे मुलांनी आपापलं रंगवायचं. सगळ्यांच्या पट्ट्या जोडून व्हरांड्याच्या भिंतीवर लावल्या की पालखी सोहळा उभा राहतो.

मुलगी पहिलीत आहे. तिला कात्री कधी द्यावी?

आधी फाडू द्या. बोटांच्या चिमटीत कागद धरून हवा तिथे फाडता येणं हीच कात्रीची पूर्वतयारी. फाडलेल्या तुकड्यांचं चिकटकाम पहिलीत भरपूर करून घ्यावं. त्यानंतर गोल टोकाची कात्री द्या आणि जाडसर कागदाच्या अरुंद पट्ट्यांचे तुकडे करायला सांगा. सरळ रेघ, नागमोडी रेघ आणि सगळ्यात शेवटी वर्तुळ. वर्तुळ कापताना कागद फिरवायचा असतो, हात नव्हे, हे एकदा शेजारी बसून दाखवावं लागतं.

मूल डावखुरं असेल तर साध्या कात्रीत वरचं पातं रेघेवर येतं आणि त्याला कुठे कापतोय ते दिसत नाही. डावखुऱ्यांची कात्री मिळते, ती आणून द्या. ‘हिचं कापकाम वेडंवाकडं आहे’ असा शेरा त्याआधी देऊ नका.

पोळ्याला मातीचे बैल वर्गात करता येतील का? आमच्याकडे पोळा नसतो, बेंदूर असतो.

सातारा, सांगली, कोल्हापूरकडे आषाढात बेंदूर, बाकी बऱ्याच भागांत श्रावणी अमावास्येला पोळा, आणि विदर्भात दुसऱ्या दिवशी मुलांचा तान्हा पोळा, लाकडी नंदीबैल सजवून मिरवण्याचा. तुमच्या गावात जेव्हा बैलांची शिंगं रंगतात तेव्हाच तुमच्या वर्गात बैल व्हायला हवेत.

माती ओढ्याकाठची किंवा शेतातली चालते. खडे काढून, रात्रभर भिजवून, कणकेसारखी मळून घ्या. मुलं आधी धड करतात, मग चार पाय चिकटवतात आणि बैल खाली बसतो. म्हणून उलट सांगा: एक जाड वळकटी घ्या, दोन्ही टोकांना मधोमध चीर द्या, ते झाले चार पाय. वळकटी कमानीसारखी वाकवली की बैल आपसूक उभा राहतो. वशिंड, मान, शिंगं नंतर. सुकल्यावर झुलीसाठी कापडाचे तुकडे, गळ्यात लोकरीचा गोंडा. वाळताना शिंगं मोडणार हे धरून चाला. खराट्याच्या काडीचा तुकडा आत घातला तर टिकतात.

वर्गात शाडूचे गणपती करून घ्यायचे आहेत. दरवर्षी तडे जातात. का?

तीन कारणं असतात. माती नीट मळलेली नसते, मूर्ती एकदम उन्हात किंवा पंख्याखाली ठेवतात, आणि वेगवेगळे भाग कोरडेच चिकटवतात.

पहिल्या कारणावरचं उत्तर सोपं. शाडू भिजवून एक रात्र ओल्या फडक्यात ठेवावा आणि तेलपाण्याचा हात न लावता मळावा. गोळा बोटाने दाबल्यावर कडेला भेगा पडल्या नाहीत की तयार. तळहाताएवढ्या मूर्तीला अर्धा-पाऊण किलो माती पुरते.

जोडकाम महत्त्वाचं. जिथे हात, पाय, डोकं जोडायचं तिथे काडीने आडव्यातिडव्या रेघा ओढायच्या, थोडी पातळ कालवलेली माती लावायची, दाबायचं आणि सांधा बोटाने सारवून बुजवायचा. क्रम असा ठेवा: पाट, त्यावर पोट, मांडी घातलेले पाय, हात, मग डोकं, सोंड आणि शेवटी कान. सोंड पोटावर टेकलेली ठेवायला सांगा. हवेत वळवलेली सोंड वाळताना हमखास गळते आणि मूल रडवेलं होतं.

वाळवणं सावलीत, वारा थेट लागणार नाही अशा जागी. पहिले दोन दिवस वर सैलसर फडकं असू द्या. भाद्रपदाच्या दमट हवेत आठवडा सहज लागतो, म्हणून काम चतुर्थीच्या किमान दहा-बारा दिवस आधी उरका.

पेण हे मूर्तिकामाचं मोठं केंद्र असलं, तरी शाडूची माती बहुतांशी गुजरातेतून येते. मुलांना हे सांगा. मातीही दूरवरून आलेली असते आणि वाया घालवायची नसते हे त्यांना पटतं. घरी बादलीत विसर्जन केलं की शाडू तळाशी बसतो. वरचं पाणी झाडांना घाला, गाळ वाळवून पिशवीत भरून ठेवा. पुढच्या वर्षी तीच माती पुन्हा मळता येते.

प्लास्टर ऑफ पॅरिस मुलांच्या हातात देऊ नका. घट्ट होताना ते तापतं, आणि हाताचा ठसा घेण्यासाठी मुलाचा हात त्यात रुतवून ठेवला तर गंभीर भाजू शकतं.

भोंडल्यासाठी काही सुचवाल का?

हस्त नक्षत्र सप्टेंबरच्या शेवटी लागतं आणि पाटावर हत्ती काढला जातो. रांगोळीचा हत्ती पायाखाली विस्कटतो, म्हणून मोठ्या पुठ्ठ्यावर धान्याचा हत्ती करा. एकेका गटाला एक भाग: कान तांदळाचे, पाठ मसुरीची, पाय उडदाचे. भोवती फळांची माळ मातीची किंवा कागदाच्या लगद्याची. विदर्भ-खानदेशात भुलाबाई-गुलाबाई मांडतात, तिथे मातीची जोडी मुलांनीच घडवावी. मुलगेही यात असू द्या. मातीला काय फरक पडतो?

दसऱ्याला मुलं आपट्याच्या फांद्या तोडून आणतात. थांबवावं कसं?

पानाचा आकार कागदावर आणा. आपट्याचं पान दोन जोडलेल्या पाळ्यांचं असतं. कागद मधोमध दुमडून अर्धं पान काढलं आणि कापलं की उघडल्यावर दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या येतात. सममिती शिकवायला याहून चांगला दिवस नाही. शिरा तेली खडूने काढा: खऱ्या पानावर कागद ठेवून खडू आडवा घासला की शिरा उमटतात. त्यासाठी वर्गाला एकच पान पुरतं. आपट्याच्या नावाखाली कांचनाची झाडंही ओरबाडली जातात. दोन्ही पानं शेजारी ठेवून फरक शोधायला लावलात तर मुलं घरच्या मोठ्यांनाही अडवतात.

दिवाळीचा किल्ला शाळेत कसा करावा? सुट्टी तर आधीच लागते.

सुट्टीआधीचा आठवडा धरा. हा माझ्या सगळ्यात जिव्हाळ्याचा प्रकल्प आहे, आणि त्यात एकच आग्रह आहे: किल्ला खरा असावा. ‘कुठला तरी डोंगर आणि वर सिंहासन’ असं नको.

जुलै 2025 मध्ये मराठ्यांच्या लष्करी स्थापत्याचे 12 किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेले. त्यांतले 11 महाराष्ट्रातले: साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग. बारावा तामिळनाडूतला जिंजी. प्रत्येक वर्गाने यांतला एक निवडावा आणि कामाला लागण्याआधी त्याचा नकाशा फळ्यावर काढावा. राजगड घेतलात तर बालेकिल्ला आणि तीन दिशांना पसरलेल्या पद्मावती, सुवेळा, संजीवनी या माच्या आल्याच पाहिजेत. लोहगडाला विंचूकाट्याची लांबच लांब सोंड हवी. सिंधुदुर्ग असेल तर चहूबाजूंनी समुद्र. रायगडाचा महादरवाजा समोरून दिसत नाही, दोन बुरुजांच्या आड लपलेला असतो. तसा मातीत करायला सांगा, मग मुलं स्वतःच विचारतात की शत्रूने आत यायचं कुठून.

आत विटा, दगड, फुटक्या कुंड्या रचा. त्यांवर भिजवलेलं गोणपाट पसरा, म्हणजे माती घसरत नाही. त्यावर चिखलाचा थर हातानेच लिंपायचा. पायऱ्या चमच्याच्या दांड्याने. तटबंदीसाठी चिखलाची वळी आणि तिच्यावर बोटाच्या पेराने दाबून केलेल्या चऱ्या. टाक्यांसाठी बाटल्यांची झाकणं पुरा. हिरवळीसाठी हळीव किंवा मोहरी भुरभुरवा आणि पाणी शिंपडत राहा. हळीव दोन-तीन दिवसांत उगवतो, त्यामुळे पेरणी शेवटच्या नव्हे, पहिल्याच दिवशी करावी.

मावळे कुंभाराकडून आणता येतात, पण मुलांनी केलेले ओबडधोबड मावळे गडावर जास्त शोभतात. सुट्टी संपल्यावर माती शाळेच्या बागेत परत टाका.

दुसरी-तिसरीच्या मुलांना जमेल असा आकाशकंदील कोणता?

रंगीत कार्डशीट उभं मधोमध दुमडा. दुमडलेल्या बाजूकडून एकेक बोट अंतरावर काप घ्या, पण मोकळ्या कडेपासून दोन बोटं आधी थांबा. उघडून गोल वळवा आणि कडा चिकटवा. मधला भाग फुगून जाळी दिसते. आत पिवळ्या पतंगी कागदाची नळी बसवली की उजेड पडल्यासारखा भास होतो. खाली झिरमिळ्या. चौथी-पाचवीला बांबूच्या कामट्यांचा सांगाडा देता येतो, मात्र कामट्या तासून, दोऱ्याने बांधून मोठ्यांनी द्याव्यात. कामटीची कुसळं बोटात घुसतात. चांदणीचा सांगाडा असेल तर मुलांनी फक्त कागद ताणून चिकटवायचा, तेवढंही पुष्कळ आहे.

चिकटवायला घरची खळ उत्तम. तीन चमचे मैदा एक कप गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवा आणि मंद आचेवर ढवळत शिजवा. पारदर्शक झाली की उतरवा. जुन्या पद्धतीत कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालत. ते विषारी आहे, मुलांच्या खळीत अजिबात नको. खळ दोन दिवसांत संपेल एवढीच करा.

कंदिलात मेणबत्ती किंवा पणती ठेवू नका. कमी वॅटचा एलईडी दिवा तापत नाही, तोच लावा.

शाळेतून प्रकल्प येतो आणि रात्री अकरा वाजता आम्हीच तो पूर्ण करतो. चुकतंय का?

घरी पाठवलेली हस्तकला बहुतेक वेळा आईबाबांचीच होते, म्हणून शिक्षकांना माझी विनंती आहे की ती घरी देऊच नका. वर्गात, सगळ्यांसमोर, दोन तासांत जेवढं होईल तेवढं. पालकांना माझं म्हणणं असं, की कापणं-चिकटवणं मुलाकडेच राहू द्या. तुम्ही साहित्य जमवा, धारदार आणि गरम कामं करा, आणि विचारलं तर सुचवा. वाकडा कंदील शाळेत गेला तर जाऊ द्या. प्रदर्शनात मोठ्यांच्या हातचा देखणा नमुना मधोमध आणि मुलाच्या हातचा कोपऱ्यात अशी मांडणी दिसली, तर ती बदलायला सांगण्याचा पालकांना पूर्ण हक्क आहे. बक्षिसांची स्पर्धा प्राथमिकला नसावी असं माझं ठाम मत आहे. सगळ्या मुलांच्या वस्तू मांडा, प्रत्येकीखाली नाव आणि मुलाच्या शब्दांत एक ओळ.

सजावटीला थर्माकोल वापरू का? सोपा पडतो.

नको. राज्यात 2018 पासून थर्माकोलच्या सजावटीच्या वस्तूंवर बंदी आहे, आणि 1 जुलै 2022 पासून देशभरही. जाड पुठ्ठा, खोक्याचे पन्हळी कागद आणि वर्तमानपत्राच्या सुरनळ्या यांतून मखर, मंडप, कमान सगळं होतं.

संक्रांतीला पतंग मुलांकडून करून घ्यावा का?

चौथी-पाचवीला जरूर. पतंगी कागदाचा चौरस, एक उभी काडी आणि एक वाकवलेली कमान. कमानीची काडी दोन्ही बाजूंना सारखी वाकली नाही तर पतंग एकीकडेच झुकतो. म्हणून काडी बोटावर तोलून तिचा मध्य शोधायला लावा. शेपूट वर्तमानपत्राचं. येवल्यात भोगी, संक्रांत आणि कर असे तीन दिवस पतंगांचे असतात. तिथल्या शिक्षकांना हे शिकवायची गरज नाही.

दोरा साधा शिवणकामाचाच. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने 2017 मध्ये देशभर बंदी घातली आहे, कारण त्याने पक्षी आणि माणसं दोन्ही मेली आहेत. मुलांना हे स्पष्ट शब्दांत सांगावं.

लहान वर्गांसाठी हलव्याचे दागिने घ्या. खरा हलवा मंद आचेवर पाक देत करायचा असतो, ते मोठ्यांचं काम. मुलांनी पुठ्ठ्याचे बाजूबंद, मुकुट, बिंदी कापून त्यांवर कोरडा साबुदाणा ओळीने चिकटवावा. काळा कागद पाठीमागे असला की दाणे उठून दिसतात.

प्रजासत्ताक दिनाला कागदी झेंडे करायचे आहेत. काय पाळावं?

लांबी-रुंदीचं प्रमाण 3:2. 18 सेंटिमीटर लांब आणि 12 रुंद घेतलं तर प्रत्येक पट्टा 4 सेंटिमीटरचा येतो, पाचवीच्या मुलांना हे गणित स्वतः करू द्या. अशोकचक्राला 24 आरे. कागदाचं वर्तुळ तीन वेळा निम्मं दुमडलं की 8 भाग होतात, प्रत्येकाचे तीन केले की 24. चक्र गडद निळं, काळं नव्हे. प्लास्टिकचे झेंडे चालत नाहीत. कार्यक्रम संपल्यावर झेंडे जमिनीवर पडू देऊ नका, वर्गातल्या एका खोक्यात गोळा करा.

पिंपळपानाची जाळी कशी करतात? आमची पानं नुसतीच कुजतात.

कुजवणंच आहे, पण थांबायचं कुठे ते कळायला हवं. पूर्ण वाढलेली, न फाटलेली पानं बरणीत पाण्यात बुडवून ठेवा, दर आठवड्याला पाणी बदला. तीन-चार आठवड्यांनी हिरवा गर बोटाला बुळबुळीत लागतो. मग पान ताटातल्या पाण्यातच ठेवून मऊ टूथब्रशने हलके थापटा, घासू नका. गर सुटतो, शिरांची जाळी उरते. वर्तमानपत्रात दाबून वाळवा. वास येतो, त्यामुळे बरणी वर्गाबाहेर. दिवाळीच्या सुट्टीत पानं भिजत घातली तर हिवाळ्यात भेटकार्डं होतात.

रंगपंचमीसाठी घरचे रंग टिकाऊ होतात का?

खेळण्यापुरते नक्की, चित्रात कायमचे नाही. फुलांचे रंग उन्हात उडतात, हे मुलांना आधीच सांगा आणि एकाच चित्राचे दोन भाग करून एक खिडकीत, एक वहीत ठेवून बघू द्या.

पळसाची गळलेली फुलं रात्रभर पाण्यात ठेवली की केशरी-पिवळा रंग येतो. बीट किसून गुलाबी, पालक वाटून हिरवा. सगळ्यात रमतात ती हळदीच्या कागदात. हळद पाण्यात दाट कालवून कागदावर फासा आणि वाळवा. मग खायच्या सोड्याचं पाणी काडीने घेऊन त्यावर चित्र काढा, रेघ लालसर उमटते. त्यावर लिंबाचा थेंब टाकला की पुन्हा पिवळी. गोकर्णीची निळी फुलं गरम पाण्यात टाकून मिळालेला रंग लिंबाने जांभळा-गुलाबी होतो. चुना वापरू नका, डोळ्यात गेला तर इजा होते.

कोणत्या बिया आणि पानं मुलांना अजिबात देऊ नयेत?

हा प्रश्न फार कमी जण विचारतात, म्हणून मुद्दाम सविस्तर. गुंज दिसायला सुंदर, लाल-काळी, बाहुलीच्या डोळ्यांसाठी मुलं हमखास ती शोधतात. चावली गेली तर जीवघेणी ठरू शकते. पिवळ्या कण्हेरीच्या बिया, म्हणजे बिट्ट्या, खेळात सर्रास वापरतात, त्याही विषारी. साधी कण्हेर, एरंड, धोतरा यांनाही हात लावू देऊ नका. रुईचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला इजा होते. खाजकुहिलीची शेंग तर लांबूनच दाखवा.

चिंचोके, चिकूच्या, भोपळ्याच्या, कलिंगडाच्या बिया, रिठे हे चालतं. पहिलीच्या मुलांना लहान बिया देताना शेजारी बसा, नाकात-कानात घालतात. एखादं विषारी बी चावलं गेल्याची शंका आली तर वाट न पाहता दवाखान्यात न्या आणि तसंच दुसरं बी बरोबर घ्या.

वारली चित्रं सगळ्या शाळांत काढतात. ती ऋतूशी कशी जोडावीत?

भातकापणीनंतर. पालघर जिल्ह्यातल्या डहाणू, तलासरी, जव्हार भागात घराच्या गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने ही चित्रं काढली जातात, लग्नाचा चौक सुवासिनी लिहितात. तारपा या वाद्याभोवतीचं नाचणाऱ्यांचं वळण सगळ्यांनी पाहिलेलं असतं. जिव्या सोमा मशे यांनी ही कला भिंतीवरून कागदावर आणि जगभर नेली, त्यांना 2011 मध्ये पद्मश्री मिळाली. हे नाव मुलांना माहीत असावं.

खाकी कागदावर गेरू फासा, तांदूळ भिजवून वाटून पांढरा करा, काडीचं टोक ठेचून कुंचला. टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण म्हणजे माणूस. मुलांनी स्वतःच्या गावातलं काम काढावं: नळावरची रांग, एसटीचा थांबा, ऊसतोड.

एकच शिक्षक आणि पहिली ते चौथी एका खोलीत. कसं जमवायचं?

साहित्य एक, काम चार पातळ्यांचं. पानांचे ठसे घ्या. पहिलीने ठसा उमटवायचा. दुसरीने लहान-मोठं-लहान अशी ओळ करायची. तिसरीने त्यातून प्राणी घडवायचा. चौथीने झाडाचं नाव आणि कुठे सापडलं ते खाली लिहायचं. चौथीची मुलं पहिलीला रंग वाटून देतात आणि तुमचे हात मोकळे राहतात.

वर्गात वेगवेगळ्या धर्मांची मुलं आहेत. सगळं सणांभोवतीच का?

सणांभोवती नसलं तरी चालतं. पाऊस, पीक, पान, वारा हे सगळ्यांचे आहेत. सण घेतलेत तर सगळ्यांचे घ्या. ईद चांद्र कालगणनेमुळे दरवर्षी साधारण 11 दिवस अलीकडे सरकते, त्यामुळे चंद्रकोरीच्या कार्डाचा महिना दरवर्षी तपासा. वसईत नाताळचा गोठा आणि चांदणी मुलंच करतात, 14 एप्रिलला निळ्या पताका. गोव्यात चवथीला गणपतीवर टांगायची माटोळी रानफळं आणि फुलांची असते. भाद्रपदात रानात काय पिकतं ते ओळखायला तिच्यासारखं साधन नाही, आणि फळांची नावं कुठल्याही घरच्या मुलाला शिकता येतात.

आम्ही अमेरिकेत आहोत. इथे ना शाडू, ना आपटा.

दसरा-दिवाळीला तुमच्याकडे मेपलची पानं लाल झालेली असतात. तीच दाबून वाळवा आणि कंदिलाच्या कागदात बसवा, आतून दिवा लागला की शिरा दिसतात. हवेत वाळणाऱ्या मातीने गणपती आणि बैल होतात. ती पाण्यात नीट विरघळेलच असं नाही, त्यामुळे विसर्जन करायचं असेल तर कुंभारकामाची साधी, न भाजलेली माती आणा.

एवढ्या वस्तू जमतात, त्यांचं काय करायचं?

मुलाला विचारून तीन-चार ठेवा, बाकीच्यांचा फोटो काढा. मातीची माती होते, कागद पुढच्या वर्षीच्या लगद्यात जातो. लगद्यासाठी तुकडे दोन दिवस भिजवा, कुस्करा, पिळा आणि खळीत मळा. उन्हाळ्याच्या सुट्टीत याच लगद्याच्या वाट्या आणि मुखवटे होतात, कारण एप्रिल-मेच्या उन्हात ते दोन दिवसांत खडखडीत वाळतात. पावसाळ्यात मात्र या कामाला हात घालू नका, बुरशी येते.